निखाऱ्यापासून किती दूर? पाइपच्या पर्यायी साहित्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ब्रायरबद्दल लिहिलं होतं. भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते, ती तासन्‌तास उकळून आणि महिनोन्‌महिने वाळवून तिचे पाइप करतात. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच विचारणा आहे: ब्रायर महाग आहे, मुंबईत सहज मिळत नाही, मग दुसरं काय चालेल? प्लास्टिक, धातू, माती, आपल्याकडची लाकडं, सगळ्याबद्दल प्रश्न आलेत.

शब्द आधी ठरवून घेऊ. तंबाखू भरायची वाटी म्हणजे बाउल. तिला जोडलेली दांडी म्हणजे शँक. तोंडात धरायची नळी म्हणजे स्टेम. स्टेमचा जो बारीक भाग शँकमध्ये घुसतो, ज्याला सुतार कुसू म्हणतील, तो टेनन. उत्तरं वाचताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवा. झुरका ओढताना निखारा ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि दोन बोटं पलीकडे तोच पाइप हातात आरामात धरता येतो. म्हणून पदार्थाचं नाव कळलं की पुढचा प्रश्न हा, की तो निखाऱ्यापासून किती दूर बसणार आहे.

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर लाल रंगाचा, प्लास्टिकसारखा दिसणारा हलका पाइप मिळाला. बाउलच्या आत काळं गुळगुळीत अस्तर आहे, पेन्सिलीच्या शिशासारखं चमकतं. दुकानदार ‘फायबर आहे’ एवढंच सांगतो. हा वापरण्याजोगा आहे का?
एक वाचक, दादर

वर्णनावरून हा ‘द पाइप’ या नावानं विकला गेलेला अमेरिकन पाइप दिसतो. कॅलिफोर्नियातल्या सुपर-टेम्प कंपनीनं तो १९६० च्या दशकात काढला आणि १९७० च्या दशकात त्याचं उत्पादन थांबलं. बाहेरचं लाल कवच फिनॉलिक रेझिनचं आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटच्याच घराण्यातला हा पदार्थ. प्रेशर कुकरची काळी मूठ किंवा जुन्या घरांतले काळे गोल स्विच आठवा, तेच हे. एकदा साच्यात शिजून घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही. पण थेट ज्वाळा लागली तर करपतो. कुकरच्या मुठीपर्यंत गॅसची आच पोचली की जो उग्र वास येतो, तो करपलेल्या फिनॉलिकचाच. म्हणून निखारा आणि हे कवच यांच्यात काहीतरी असावं लागतं.

ते काहीतरी म्हणजे तुम्हाला दिसलेलं काळं अस्तर, पायरोलिटिक ग्रॅफाइट. मिथेनसारखा वायू सुमारे २००० अंशांना तापवला की त्यातला कार्बन सुटून साच्यावर थरावर थर बसत जातो. रॉकेटच्या नॉझलमध्ये वापरला जाणारा हा पदार्थ पाइपात आला तो त्याच्या एका गुणामुळे. त्यातून उष्णता थराच्या दिशेनं झपाट्यानं पसरते, पण थर ओलांडून पलीकडे जायला तिला फार वेळ लागतो. निखाऱ्याची धग एका जागी न साचता सगळ्या अस्तरावर पसरते आणि कवचापर्यंत थोडीच पोचते.

वापरण्याजोगा आहे की नाही, ते अस्तरावर ठरेल. बाउल खिडकीच्या उजेडात तिरपा धरा आणि अस्तराच्या काठावर नख फिरवा. नख अडकलं तर तडा आहे, आणि तडा असेल तर तो पाइप कपाटात शोभेला ठेवा. ग्रॅफाइटचा हा थर ठिसूळ असतो आणि फुटलेला जोडता येत नाही. अस्तर शाबूत असेल तर स्टेम काढून पाइप क्लीनर, म्हणजे केसाळ धागा गुंडाळलेली लवचिक तार, स्पिरिटमध्ये भिजवून धूरमार्गातून फिरवा. क्लीनर पांढरा बाहेर येईपर्यंत, पाच-सहा तरी लागतील. बाउल आतून ओल्या फडक्यानं पुसा, सुरी किंवा रीमर (बाउल आतून खरवडायचं अवजार) लावू नका. ब्रायरमध्ये आपण कार्बनचा पातळ थर मुद्दाम जमू देतो. इथे त्याची गरज नाही, आणि जमलेला थर खरवडताना अस्तरच जायचं.

वापरात एक गोष्ट खटकेल. तंबाखू जळताना पाणी तयार होतं. ब्रायर त्यातलं बरंचसं पिऊन घेतं, ग्रॅफाइट आणि फिनॉलिक थेंबभरही पीत नाहीत. ते पाणी तळाशी साचतं आणि पाइप गुडगुडतो. अर्ध्यावर एकदा पाइप क्लीनर आत घालून ओल टिपून घ्या, आणि तंबाखू भरण्याआधी हवेशीर पसरून थोडी कोरडी करून घ्या. पावसाळ्यात हे हमखास करावं लागतं. याच पाइपचा ‘व्हेंचुरी’ नावाचा जोडभाऊही जुन्या बाजारात दिसतो. त्यात ग्रॅफाइटचं अस्तर नसतं, म्हणून तो जास्त तापतो.

माझ्याकडे थ्री-डी प्रिंटर आहे. पीएलएमध्ये पाइप छापून पाहिला, दिसायला झकास झाला. वापरला तर काय होईल?
एक विद्यार्थी, डोंबिवली

अठरा वर्षं पूर्ण नसतील तर इथेच थांबा. २००३ च्या कायद्यानं अठराखालच्यांना तंबाखू विकायला बंदी आहे. बाकी उत्तर सर्वांसाठी.

पीएलए हे प्रिंटरचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला तुमचा पाइप पेटवण्याआधीच वाकडा होईल. एबीएस हे दुसरं प्लास्टिक १०५ अंशांपर्यंत टिकतं, पण निखाऱ्यापुढे १०५ म्हणजे काहीच नाही. दोन्ही वितळतील, मग जळतील, आणि ती वाफ थेट छातीत जाईल. प्रकाशानं घट्ट होणाऱ्या रेझिनचे प्रिंट आणखी वाईट, कारण त्यांच्या आत न शिजलेलं रेझिन उरलेलं असू शकतं. स्टेमही छापू नका. थरांच्या रेषांमध्ये डांबर आणि लाळ बसते, ती कशानंही निघत नाही.

प्रिंटरचा खरा उपयोग पाइप करण्याआधी आहे. ब्रायरच्या ठोकळ्याला हात लावण्यापूर्वी तोच आकार पीएलएमध्ये छापा, मुठीत धरून बघा, दातात धरून बघा. तोल पुढे जातोय का, शँक आखूड वाटतेय का, सगळं तिथेच कळतं. दुसरं, ड्रिलचा कोन धरणारा साचा छापा. वाकड्या पाइपमध्ये धुराचं भोक बाउलच्या अगदी तळाशी, मधोमध निघायला हवं. दोन मिलिमीटर वर निघालं की खालची तंबाखू कधीच जळत नाही, ओली राहते आणि कडू होते. साचा असला की ही चूक टळते.

पेन बनवण्यासाठी मिळणारे रंगीत रेझिनचे ठोकळे आणि ‘स्टॅबिलाइज्ड’ लाकूड, म्हणजे अ‍ॅक्रिलिक पाजलेलं लाकूड, यांनाही हाच नियम. शँकच्या टोकाला कडं म्हणून किंवा शँक लांबवायला लावा. तंबाखूच्या पोकळीपासून दोन बोटं, म्हणजे साधारण २५ ते ३० मिलिमीटर अंतर ठेवा. बाउल मात्र करू नका. अ‍ॅक्रिलिक पाजलेलं लाकूड दोनशे-अडीचशे अंशांना विघटित व्हायला लागतं, आणि निखारा त्याच्या कितीतरी पुढे असतो.

शिसवीचे कोरीव पाइप हस्तकलेच्या दुकानांत स्वस्त मिळतात. सागाचा तुकडा घरातही आहे. मग ब्रायरचं एवढं कौतुक कशाला?
एक वाचक, ठाणे

शिसव आणि साग ही फर्निचरसाठी उत्तम लाकडं. पण ज्या तेलकट द्रव्यांमुळे सागाला वाळवी लागत नाही, तीच द्रव्यं त्याच्या भुश्शानं सुताराच्या अंगावर पुरळ उठवतात. शिसवीच्या भुश्शाचंही तसंच. असं लाकूड निखाऱ्याखाली तापलं की ती द्रव्यं धुरात उतरतात. चव तिखट लागते, घसा खवखवतो. दुकानातल्या शिसवी पाइपांना बहुतेकदा आतूनही पॉलिश मारलेलं असतं, म्हणजे पहिल्या झुरक्यालाच लाख किंवा वार्निश जळणार. ते शोभेला ठेवा. आणि कण्हेरीला हातसुद्धा लावू नका. पान, साल, लाकूड, सगळं विषारी आहे.

ब्रायरची गाठ झुडपाला पाणी साठवायला उपयोगी पडते, म्हणून तिचा दाणा गुंतागुंतीचा आणि घट्ट असतो. सावकाश वाढते, चिरत नाही, लवकर करपत नाही. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिच्यावर अख्खा धंदा उभा केला. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून माल येणं बंद झालं, तेव्हा अमेरिकेत माउंटन लॉरेल आणि कॅलिफोर्नियातल्या मॅन्झानिटाच्या गाठी वापरल्या गेल्या. चालल्या, पण युद्ध संपताच कारखाने ब्रायरकडे परतले.

फळझाडांपैकी चेरी, नासपती आणि सफरचंद यांचे पाइप युरोपात फार जुने आहेत. हिमाचलकडचं नासपतीचं वाळलेलं लाकूड मिळालं तर प्रयोग करायला हरकत नाही. भिंत मात्र ब्रायरपेक्षा जाड ठेवा. ब्रायरला ६ ते ७ मिलिमीटर पुरतात, इथे ९ ते १० हवेत. ठोकळा दर तासाला पाणी बदलत दिवसभर उकळा, दोन्ही टोकांना मेण लावा आणि सावलीत ठेवा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सलग तीन आठवडे वजन तेच राहिलं की कापायला घ्या. हे काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात लाकूड हवेतून पाणी ओढत राहतं, वजन कधी स्थिरच होत नाही. ओल्या लाकडात पाडलेलं टेननचं भोक हिवाळ्यात लंबगोल होतं, स्टेम डुगडुगतो.

बाउलला आतून बारीक चीर गेली आहे. दोन ट्यूबवालं इपॉक्सी भरलं तर?
एक वाचक, चेंबूर

नको. घरगुती इपॉक्सी ६०-७० अंशांना मऊ पडतं आणि त्याच्या बऱ्याच पुढे जळतं. बाउलच्या आत त्याला जागा नाही. चीर बाहेरून दिसत नसेल तर आंबट दह्याचा लेप चालतो. एक चमचा आंबट, घट्ट ताक किंवा फेटलेलं दही आणि त्यात मावेल तितकी औषधांच्या दुकानातली अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलची पूड घ्या. शाईसारखं काळं, पण डोशाच्या पिठाइतकं दाट व्हायला हवं. धुराच्या भोकात पाइप क्लीनर घालून ठेवा, नाहीतर भोक बुजेल. बोटानं पातळ थर द्या आणि चार-पाच दिवस वाळू द्या. दह्यातलं प्रथिन वाळून कोळशाला धरून ठेवतं. पावसाळ्यात जवळ दिवा लावून वाळवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. चीर बाहेर पोचली असेल तर त्या पाइपची इतिश्री झाली असं समजा.

आजोबांच्या पाइपचा स्टेम अंबरचा आहे असं घरात सगळे म्हणतात. पिवळा, मधासारखा. खरंच अंबर आहे का, मोडतोड न करता कसं ओळखायचं?
एक वाचिका, गिरगाव

अंबर म्हणजे झाडाची दगड झालेली जुनी राळ. ओळखायला तापलेली सुई टोचू नका. पुष्कळजण तोच सल्ला देतात आणि वस्तूला कायमचं भोक पडतं. तो स्टेम सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा निघाला तर पेटही घेईल. म्हणून आधी वास घ्या. अंगठ्यानं पाव मिनिट जोरात घासून लगेच हुंगा. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड. त्याला आगीपासून लांब ठेवा आणि पाइप म्हणून वापरू नका. दवाखान्यातल्या फिनाइलसारखा उग्र वास आला तर बेकेलाइट.

वासावरून ठरलं नाही तर मिठाचं पाणी. स्टेमला चांदीचं कडं किंवा हाडाचा स्क्रू असेल तर आधी काढा. पाव लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. गढूळ असेल तर गाळून घ्या. स्टेम हळूच सोडा, आणि भोकात बुडबुडा अडकलेला नाही ना, ते पाहा. अडकला असेल तर बुडणारी वस्तूसुद्धा तरंगते आणि निष्कर्ष उलटा निघतो. बेकेलाइट, सेल्युलॉइड, अ‍ॅक्रिलिक आणि दुधाच्या केसीनपासून केलेलं गॅलालिथ, हे सगळे बुडतात. अंबर तरंगतं. लगेच काढून साध्या पाण्यानं धुवा आणि पुसा.

तरंगलं म्हणजे अंबरच, असं मात्र नाही. कोपल नावाची कोवळी राळ आणि पॉलिस्टायरीनही तरंगतात. टेननच्या आतल्या, न दिसणाऱ्या टोकाला नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनचा एक थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटानं बोट टेकवा. चिकट लागलं तर अंबर नाही. नाही चिकटलं तर अंबर आहे, मग ते अखंड असेल किंवा चुऱ्यापासून दाबून केलेलं. दाबलेल्या अंबरमध्ये उजेडात धरल्यावर पाकात सरबत ओतल्यासारख्या रेघा दिसतात. दोन्ही ठिसूळ असतात. दातात धरू नका, हातात धरून ओढायचे असतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीचा आणि सुट्या बाउलचा इंग्लिश पाइप मिळाला आहे. बाउल निघत नाही. शिवाय धातूत धूर जातो हे बरं की वाईट?
एक वाचक, विलेपार्ले

हा ‘फाल्कन’ नावाचा पाइप असणार. केन्ली बग या अमेरिकन माणसानं १९३० च्या दशकात त्याची रचना केली, पुढे तो इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर बनू लागला. त्याच दशकात सिअ‍ॅटलमध्ये विमानविद्येचे प्राध्यापक फ्रेडरिक कर्स्टन यांनीही अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा पाइप काढला. कल्पना दोघांची सारखीच. अ‍ॅल्युमिनियम उष्णता पटकन बाहेर टाकतं, त्यामुळे धुरातली वाफ आतच थंड होऊन थेंब बनते. फाल्कनमध्ये ते थेंब बाउलखालच्या बशीत साचतात. अ‍ॅल्युमिनियम इथे निखाऱ्याला शिवत नाही, बाउल बहुतेकदा ब्रायरचा असतो, म्हणून धातूची काळजी करू नका.

बाउल चिकटला आहे तो आट्यांत वाळलेल्या डांबरामुळे. पिळू नका, पातळ आटे झिजतील. पाइप उलटा धरून जोडावर ड्रॉपरनं सर्जिकल स्पिरिटचे चार-पाच थेंब सोडा आणि तासभर थांबा. मग बाउलभोवती रबरी हातमोजा धरून हलकेच फिरवा. निघाला नाही तर पुन्हा थेंब, पुन्हा तासभर. निघाल्यावर आटे जुन्या टूथब्रशनं घासा, आणि यापुढे प्रत्येक वापरानंतर बशी कागदानं पुसून घ्या.

ग्रॅफाइट किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपमुळे, किंवा फिल्टरमुळे, तंबाखूचा अपाय कमी होतो का?
एक वाचिका, मुलुंड

नाही. चव बदलते, काहींत ओल कमी होते, जिभेला चटका कमी बसतो. धुरातली कर्करोगकारक द्रव्यं सगळ्या पाइपांतून येतात. पाइपचा धूर छातीत न घेता तोंडातच ठेवला तरी तोंड, घसा आणि अन्ननलिका यांना त्याचा धोका राहतो.

एबोनाइटचा काळा स्टेम हिरवट-तपकिरी झाला आहे, जिभेला गंधकासारखा लागतो. नवीन करून घ्यावा का? कशाचा?
एक वाचक, बोरिवली

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून शिजवलेलं रबर. साध्या रबरात गंधक दोन-तीन टक्के असतं, इथे तीस टक्क्यांच्या आसपास. ऊन आणि दमट हवा मिळून वरच्या थरातलं गंधक मोकळं करतात, तोच तो रंग आणि तीच ती चव. मुंबईत खिडकीच्या फळीवर ठेवलेला स्टेम एका उन्हाळ्या-पावसाळ्यात हिरवा होतो. बिघाड वरवरचा आहे, स्टेम टाकू नका.

गरम पाण्यात घालू नका. त्यानं रंग आणखी उतरतो, आणि वाकवलेला स्टेम आपोआप सरळ होऊ लागतो. एबोनाइटला मूळचा आकार आठवतो म्हणा ना. वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश कागद, घ्या. ४०० नंबरचा थेंबभर पाण्यासोबत, हिरवा रंग जाईपर्यंत. मग ६००, १०००, २०००. प्रत्येक नंबरला आधीच्याच्या आडव्या दिशेनं घासा, म्हणजे जुने ओरखडे गेलेत की नाही ते दिसतं. टेननला आणि शँकला टेकणाऱ्या काठाला कागद लावू नका. काठ गोल झाला तर जोडाजवळ फट दिसते आणि ती भरून निघत नाही. त्या काठावर जुन्या व्हिजिटिंग कार्डाला भोक पाडून केलेली चकती बसवा, मग बिनधास्त घासा. शेवटी मऊ कापडी बफ आणि कार्नोबा मेण. बफ फार वेगानं फिरला की पृष्ठभाग तापून पुन्हा तपकिरी होतो.

नवीनच करायचा असेल तर एबोनाइटच्या कांड्या आपल्याकडे मिळतात, शाईची पेनं कातणारे कारागीर त्याच वापरतात. १८ ते २० मिलिमीटर व्यासाची कांडी घ्या. भोक ४ मिलिमीटरचं, आणि तोंडाकडे ते निमुळतं होत २ मिलिमीटरवर यावं. ड्रिल दर पाच-सहा मिलिमीटरला बाहेर काढून भुसा झाडा. न झाडल्यास रबर तापून चिकटतं, ड्रिल वाट सोडतं आणि भोक बाजूनं बाहेर पडतं. तोंडात धरायचं टोक ४ मिलिमीटर जाड ठेवा. बारीक केलं तर दातानं भोक पडेल, जाड ठेवलं तर जबडा दुखेल.

अ‍ॅक्रिलिक काळं पडत नाही, चमकही टिकते. पण दाताला कडक लागतं, आणि स्पिरिटनं पुसलं की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा येतात. साबणाच्या पाण्यानंच धुवा. वाकवताना एबोनाइटला ९०-१०० अंश पुरतात, अ‍ॅक्रिलिकला १३० च्या पुढे जावं लागतं, आणि जास्त तापलं तर आत बुडबुडे येतात. दोन्हींत वाकवताना भोकात पाइप क्लीनर ठेवायचा, नाहीतर भोक चपटं होतं.

टेनन तुटत असेल तर तो डेलरिन या चिवट प्लास्टिकचा करा. ८ मिलिमीटरची डेलरिनची कांडी नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात प्लास्टिकच्या कांड्या विकणाऱ्यांकडे मिळते. डेलरिनला कुठलाही गोंद नीट धरत नाही. म्हणून स्टेममध्ये जाणाऱ्या भागावर कानशीनं तीन-चार आडव्या खाचा पाडा आणि मग इपॉक्सी लावा. गोंद खाचांत अडकून बसतो. हे इपॉक्सी चालतं, कारण ते निखाऱ्यापासून चार बोटं दूर आहे. शँकच्या भोकाच्या तळाशी आणि टेननच्या टोकात अर्धा मिलिमीटर फट ठेवा. जास्त ठेवली की तिथेच पाणी साचतं.

दुधी भोपळ्याचा पाइप करता येतो असं ऐकलं. खरं का? आणि आतली वाटी कुंभाराकडून करून घेता येईल?
एक वाचक, माहीम

खरं. दक्षिण आफ्रिकेत ज्या भोपळ्याचे कॅलाबॅश पाइप होतात तो आणि आपला दुधी एकाच जातीचे, लॅजेनारिया सिसेरारिया. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाही तोच. पण भाजीचा दुधी कोवळा तोडतात, त्याची साल कधी लाकूड होतच नाही. तुम्हाला हवा तो वेलीवर पिकून वाळलेला, जाड सालीचा, वाकड्या मानेचा. भिंत किमान ५ मिलिमीटर. हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळल्या की तो तयार. आतला गर खरवडून पूर्ण काढा, उकळत्या पाण्यानं दोनदा धुवा. कडू भोपळ्याचा गर विषारी असतो, त्याचा अंशही उरता कामा नये.

भोपळा स्वतः निखाऱ्याला टिकत नाही. आफ्रिकन पाइपमध्ये त्याच्या तोंडात मीरशॉमची वाटी बसवतात. मीरशॉम म्हणजे तुर्कस्तानात एस्किशेहिरला सापडणारा सच्छिद्र, हलका, पांढरा दगड. आपल्याकडे त्याची जागा भाजलेली माती घेऊ शकते. चिलीम शेकडो वर्षं हेच काम करत आली आहे. धारावीच्या कुंभारवाड्यात सांगून करून घेता येईल, पण मापं लिहून द्या.

माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्के आटते. तयार वाटी आतून १९ मिलिमीटर हवी, म्हणून साचा २१ मिलिमीटरचा. गोल लाकडी दांड्याला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा आणि त्यावर चाळलेल्या मातीचा ४ मिलिमीटर थर चढवा. मातीत दहावा हिस्सा बारीक वाळू असू द्या. वरच्या काठाला ८ मिलिमीटर रुंद कड काढा, भोपळ्याच्या तोंडावर ती टेकेल. तळाला साडेचार मिलिमीटरचं भोक. माती चामड्यासारखी झाली, म्हणजे बोट टेकवल्यावर ठसा उमटत नाही पण नखानं ओरखडा पडतो अशी, की दांडा लगेच काढा. इथेच बहुतेकांचं बिघडतं. दांडा आत राहिला तर माती आटते, दांडा आटत नाही, आणि वाटी उभी चिरते. सावलीत आठ दिवस, पावसाळ्यात पंधरा दिवस वाळवा, मग भाजा. झिलई बिलकूल नको. झिलईत शिसं असू शकतं, आणि झिलईदार वाटी पाणीही पीत नाही, म्हणजे मातीचा सगळा फायदाच गेला.

भाजलेली वाटी जिभेला लावून पाहा. चिकटली तर ती ओल पिणार. भोपळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटर बुचाची चकती ठेवा आणि वाटी तिच्यावर घट्ट पण हातानं निघेल अशी बसवा. वाटीच्या तळापासून भोपळ्याच्या आतल्या भिंतीपर्यंत किमान १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. धूर तिथे थंड होतो आणि पाणी तिथेच उतरतं. वापर झाला की वाटी काढून भोपळा कोरड्या फडक्यानं पुसा. वाटी काळी, तेलकट झाली की कुंभाराच्या पुढच्या भट्टीत परत घाला. डांबर जळून ती पुन्हा लाल निघते.

मानेच्या टोकाला स्टेम सरळ बसवता येत नाही, साल फुटते. तिथे लाकडाचं बुच बसवून त्यात टेननचं भोक पाडा. कोकणातला माणगा बांबू या बुचाला छान, कारण तो जवळपास भरीव असतो. आधी पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवा. त्यातलं पिठूळ सत्त्व निघून जातं, मग भुंगा लागत नाही.

पावसाळ्यात मक्याच्या कणसाच्या पाइपला बुरशी आली. आणि चौपाटीवरच्या भुट्ट्याच्या कणसाचा पाइप होईल का?
एक वाचक, वरळी

भुट्ट्याचा होणार नाही. तो कोवळा असतो, आतला गाभा भुसभुशीत. पाइपसाठी पिकलेलं, जाड, दोनेक वर्षं वाळवलेलं कणीस लागतं. १९ मिलिमीटरचं भोक पाडून भोवती सात-आठ मिलिमीटर भिंत उरायला हवी, म्हणजे कणसाचा व्यास किमान ३५. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी हेन्री टिब्बी यांनी १८६९ मध्ये असा पाइप कातला आणि बाहेरचे खळगे प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरायच्या युक्तीचं पेटंट १८७८ मध्ये मिळवलं. प्लास्टर बाहेरच लावायचं. आत लावलं तर तापून त्यातलं पाणी उडतं आणि ते पिठासारखं झडतं.

बुरशी कापसासारखी, वरवरची असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्यानं बाहेरून पुसा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. आतल्या बाजूला हिरवे-काळे ठिपके असतील तर फेकून द्या. कणीस स्पंजसारखं असतं, बुरशी खोलवर गेलेली असते. जून ते सप्टेंबर हे पाइप बंद डब्यात ठेवू नका. स्टेम काढून, तोंड खाली करून, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर उघडे ठेवा. एक पाइप वापरला की त्याला तीन दिवस सुट्टी द्या.